मदत हवी आहे : बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेतला न जळालेला कार्बन कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. एम.ई.च्या प्रोजेक्टसाठी साखर कारखान्यातल्या बॉयलरची राख काँक्रीटमध्ये सिमेंटऐवजी थोड्या प्रमाणात वापरून बघतोय. आमच्याकडे सांगली-कोल्हापूर पट्ट्यात गाळप हंगामात या राखेचे ढीगच्या ढीग पडतात, त्यामुळे माल फुकट. अडलंय ते कार्बनपाशी.

राख काळीभोर आहे, चिमटीत धरली तर चिपाडाचे अर्धवट जळालेले तंतू हाताला लागतात. लॉस ऑन इग्निशन (राख पुन्हा तापवली की वजनात होणारी घट) १२ टक्क्यांच्या वर येतंय. बगॅसच्या राखेसाठी वेगळं मानक मला सापडलं नाही, म्हणून फ्लाय अॅशचं (औष्णिक वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेचं) भारतीय मानक आयएस ३८१२ धरलंय, त्यात मर्यादा ५ टक्के. शिवाय हा कार्बन पाणी आणि सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यात काँक्रीट सैल ठेवणारं रसायन) दोन्ही पिऊन टाकतो, स्लम्प म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा पार घटतो.

३०० मायक्रॉनच्या चाळणीने जाड तंतू बरेच निघतात, पण बारीक कार्बन राहतोच. भट्टीत ६०० अंशांच्या आसपास पुन्हा जाळावी म्हटलं, तर तापमान फार चढलं की राखेतली सिलिका स्फटिकरूप होते आणि चुन्याशी तिची अभिक्रिया, जिच्या जोरावर राख सिमेंटचं काम करते, ती मंदावते. शिवाय त्या इंधनाचा हिशेब धरला तर पर्यावरणाच्या नावाने काय उरणार, देव जाणे!

कुणी नुसतं चाळून आणि बॉल मिलमध्ये (पोलादी गोळ्यांच्या फिरत्या पिंपात) दळून काम भागवलंय का? किती वेळ दळलं? आयएस १७२७ची लाइम रिअॅक्टिव्हिटी (राख चुन्याशी किती अभिक्रिया करते ती) चाचणी या भागात वाजवी दरात कुठे होते? सर म्हणतात फ्लाय अॅशच घे. पण एवढ्यात सोडायचं नाहीये.