मदत हवी आहे: आप्पांनी कोलेस्टेरॉलची गोळी सोडून कॅप्सूल धरल्या, लिव्हरचं एन्झाइम एसजीपीटी वाढलं

माहेर यावल तालुक्यात, मी धुळ्याला असते. प्रश्न आमच्या आप्पांचा. वय ६३, केळीची शेती, बिडी-दारू काही नाही, पोट मात्र सुटलंय.

दिवाळीनंतर तपासणी केली तेव्हा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७२, एसजीपीटी ५२, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. डॉक्टरांनी अ‍ॅटोरवास्टॅटिन १० सुरू केली, दीड महिन्यात एलडीएल १०८ वर आलं. मग पारावर कुणीतरी सांगितलं की या गोळीने लिव्हर जातं. झालं! मला न सांगता गोळी बंद, आणि ओळखीच्या एकाकडून दोन डब्या घरात. एक हळदीचा अर्क आणि मिरी, दुसरी ग्रीन टीचा अर्क. विचारलं तर म्हणे, "झाडपालाच शे, काय व्हस नही." (झाडपालाच आहे, काही होत नाही.)

दोन महिन्यांनी परवा रिपोर्ट आला. एलडीएल १६५, एसजीपीटी १३८.

ग्रीन टीच्या डबीवर बारीक अक्षरात आहे: अर्क ५०० मिग्रॅ, त्यात ईजीसीजी (ग्रीन टीमधलं मुख्य पॉलिफेनॉल) ५० टक्के. आप्पा सकाळी दोन, संध्याकाळी दोन घेतात, त्याही उपाशीपोटी. पॉलिफेनॉल, म्हणजे झाडपाल्यातली ही द्रव्यं, लिव्हरला चांगली असंच सगळीकडे वाचते, मग हे उलटं कसं? आणि गोळी परत सुरू करायला त्यांना कसं पटवू?

मेडिकलवाला, भुसावळ:
ताई, मी डॉक्टर नाही, औषधांच्या दुकानात बसतो. आधी दोन्ही डब्या बंद करा आणि डब्यांसकट डॉक्टरांकडे जा. डोळे पिवळे किंवा लघवी गडद असेल तर आजच. विषाणूची कावीळ वगैरे दुसरं कारण नाही ना, हेही तेच बघतील.

आता हिशोब. एका कॅप्सूलमध्ये २५० मिग्रॅ ईजीसीजी, चार म्हणजे १०००. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय की पूरक गोळ्यांतून रोज ८०० किंवा जास्त गेलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात. उपाशीपोटी तर ते रक्तात आणखी जास्त उतरतं. कपभर ग्रीन टी प्यायला तर असा प्रश्न सहसा येत नाही.

हळदीचंही तसंच. भाजीतल्या चमचाभर हळदीत कर्क्युमिन (हळदीतलं पॉलिफेनॉल) साधारण शंभरेक मिग्रॅ, आणि तेही नीट शोषलं जात नाही. मिरीतलं पायपरिन सोबत दिलं तर रक्तातलं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवलंय. म्हणजे जी मिरी फायद्याची म्हणून टाकलीय, तीच इथे नडू शकते. हळदीच्या गोळ्यांनी लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत.

पॉलिफेनॉल वाईट नाहीत हो. आपलं वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, ते त्यातल्या पॉलिफेनॉलमुळेच. जांभूळ, आवळा, शेंगदाण्याचं लाल साल, सगळ्यात आहेत. पण जेवणातून त्यांनी एलडीएल उतरतं ते थोडंच. स्टॅटिन (आप्पांची अ‍ॅटोरवास्टॅटिन त्यातलीच) यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्यालाच लगाम घालतं, म्हणून तुमचा आकडा १०८ वर आला होता. फॅटी लिव्हर आहे म्हणून स्टॅटिन टाळायचं, असं नसतं. मात्र आता एसजीपीटी १३८ आहे, तेव्हा परत कधी सुरू करायची ते डॉक्टरच ठरवतील.

आणि पोट. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर लिव्हरची चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. याच्यासमोर कुठलीही डबी फिकी.

धागाकर्ती:
आभारी आहे, दादा. डोळे पिवळे नाहीत. कालच डॉक्टरांकडे नेलं, त्यांनीही डब्या बंद करायला लावल्या, कावीळच्या तपासण्या दिल्या, पंधरा दिवसांनी परत एसजीपीटी.

वांग्याचं आप्पांना सांगितलं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी सोलत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग भरीतनं तेल बी बंद का?"