मदत हवी आहे : घर सांभाळणारा पुरुष साहित्यात कुठे सापडेल?
मंडळी, प्रोजेक्टसाठी मदत हवीये. ताराबाई शिंदेंनी १८८२ मध्येच 'स्त्री पुरुष तुलना' लिहून बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का असं थेट विचारलं, त्यानंतर बायकांच्या बाजूने बरंच लिहिलं गेलं, ते वाचतेय. पण मला पुरुष हवाय! म्हणजे पोराला न्हाऊमाखू घालणारा, आजारी आईचं अंथरूण बदलणारा, रडू आलं तर रडणारा, आणि तेही 'बायकोचा बैल' म्हणून हसण्यासाठी नाही तर सरळ माणूस म्हणून रंगवलेला. असा कुणी दिसला की लेखक लगेच त्याला बिचारा नाहीतर संत करून टाकतात, ते फार खटकतं. कथा, कादंबरी, नाटक काहीही चालेल, आत्मचरित्र असेल तर फारच छान. पुस्तकाचं नाव आणि प्रसंग आठवत असेल तर तोही सांगा प्लीज.