ताईआत्याची बर्म्यातली वही: ‘खपली’ आणि ‘दिवस ११’ म्हणजे काय?

दौलतगंजकर (ग्वाल्हेर)

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला आमचा जुना वाडा पाडायला काढलाय. माळा रिकामा करताना बाबांच्या आत्याची पत्र्याची ट्रंक सापडली. आम्ही सगळी तिला ताईआत्या म्हणायचो. दुसऱ्या महायुद्धात ती सैन्यात नर्स होती, १९४६ साली रंगूनहून परत आली, लग्न झालं नाही, १९९१ साली गेली. घरात एवढंच माहीत. तिनं सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. आता फार वाईट वाटतं.

ट्रंकेत सहा टोकांचा एक तारा आहे, ‘बर्मा स्टार’ असं लिहिलेला. आणि एक वही, पेन्सिलीनं, मराठीत. नावं नाहीत, नुसत्या खाटा. एका पानावर: ‘खाट १७. दिवस ९. दिवस १०. दिवस ११.’ पुढे काही नाही. दुसऱ्या पानावर: ‘खाट २२. खपली काखेत. दिवस १२, १३, १४. ताप उतरला. पेज मागितली.’ अशी चाळीसएक पानं. हे कशाचे दिवस मोजत होती ती?

आणखी एक. ती परत आली तेव्हा हळदीसारखी पिवळी झाली होती म्हणे. ‘बर्म्यातून रोग घेऊन आली’ असं सगळ्या गल्लीत झालं, ठरत आलेली सोयरीक मोडली. तिचा पितळी पेला वेगळा, त्या पेल्याच्या कानाला तांबडा दोरा बांधलेला. मी लहान असताना, म्हणजे १९७५-७६ च्या सुमारासही तो दोरा होता! कावीळ इतकी वर्षं राहते का?

नीलकंठ_इंदूर

तारा उलटा करून बघा. हिंदुस्थानी सैन्याला दिलेल्या ताऱ्यांवर मागच्या बाजूला बहुधा हुद्दा आणि नाव उमटवलेलं असतं. एक लक्षात ठेवा, हा तारा बर्म्याबाहेर, आसाम-बंगालमधल्या सेवेसाठीही मिळत असे. त्यामुळे ताऱ्यावरून त्या नेमक्या कुठे होत्या ते ठरत नाही.

मुरारची_लेक

ताई, तुमचं वाचून मी उठून देवापुढे दिवा लावून आले, मग लिहायला बसले. माझी आईही त्याच युद्धात नर्स होती. आधी कोमिल्लाला, मग रंगूनला.

तुमची आत्या पिवळी दिसत होती ती मेपाक्रिनमुळे. हिवतापाची गोळी. जपान्यांनी जावा घेतल्यावर क्विनाइन मिळेना, म्हणून ही रोज एक घ्यायलाच लागायची, सैनिकांना आणि नर्सेसनाही. ती पिवळ्या रंगासारखी कातडीत उतरते. गोळी बंद केली की हळूहळू आपोआप जाते. रोग नव्हताच तो! आई सांगायची, वॉर्डात सगळेच पिवळे, त्यामुळे तिथे कुणाला काही वाटत नसे. वाटायचं ते घरी आल्यावर.

वहीतले दिवस तापाचे आहेत. खपली लिहिली आहे म्हणजे स्क्रब टायफस. उंच गवतात बारीक किडे असतात, मोहरीहूनही लहान. ते काखेत, जांघेत, पट्ट्याखाली चावतात आणि तिथे काळी खपली धरते, विडीचा चटका बसल्यासारखी. मग दोन आठवडे ताप. तेव्हा त्यावर औषधच नव्हतं. पेनिसिलिनचा उपयोग नाही, सल्फाचाही नाही. लागू पडणारं औषध १९४८ साली कळलं, युद्ध संपून गेल्यावर. तोवर जे काही करायचं ते नर्सनं. अंग पुसायचं, तासातासाला कूस बदलायची, कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करायचे, चमच्यानं पाणी. भ्रमात माणूस खाटेवरून उठून पळायचा, त्याला बोलून बोलून निजवायचं. आईला मराठा पलटणीतली मुलं ‘आये’ म्हणायची, ती स्वतः बावीस वर्षांची. दुसरा आठवडा सरत आला की कळायचं, हा राहतो की जातो. चौदाव्या दिवशी ताप उतरून पोरानं पेज मागितली की आई बाहेर जाऊन रडून यायची. अकराव्या दिवशी रेघ थांबली असेल तर ताई, ते काय ते तुम्हाला समजलंच असेल.

गोळीबारापेक्षा आजारपणानंच माणसं जास्त पडली. १९४३ साली त्या आघाडीवर एका जखमी माणसामागे १२० आजारी मागे आणावे लागत होते. म्हणून ‘नर्सा सुरक्षित जागी होत्या’ असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. टायफस त्यांनाही व्हायचा.

आणि त्या साध्या नोकरीवर नव्हत्या हो. इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या (आयएमएनएस) बायका १९४३ च्या अध्यादेशानं कमिशन्ड अधिकारी झाल्या. तुमच्या आत्या त्यात होत्या की ऑक्झिलियरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये, ते ताऱ्यामागच्या अक्षरांवरून कळेल. आयएमएनएस निघालं तर दिल्लीला मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या मुख्यालयात नावानिशी अर्ज करून बघा. वही मात्र लॅमिनेट करू नका, ते परत काढता येत नाही. पातळ सुती कापडात ठेवा.

दौलतगंजकर (ग्वाल्हेर)

तारा उलटा केला. चिंचेनं घासू नको म्हणाला भाऊ, म्हणून नुसता ओल्या फडक्यानं पुसला. ‘सिस्टर’, मग तिचं माहेरचं पूर्ण नाव, मग आयएमएनएस. घरी तिला सैन्यातली दाई म्हणायचे.

पेला भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला होता, काढून घेतला. रात्री बाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ते आता ८६ वर्षांचे आहेत, ती परत आली तेव्हा सहा वर्षांचे होते. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मला तिच्या मांडीवर बसू द्यायचे नाहीत.”