मदत हवी आहे: जी-सी जोडीतल्या प्रोटॉनचं टनेलिंग कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पात डीएनएतल्या ग्वानिन-सायटोसिन (जी-सी) या बेसच्या जोडीतलं दुहेरी प्रोटॉन स्थलांतर, म्हणजे दोन बेसमधली प्रोटॉनांची अदलाबदल, संगणकावर मोजतेय. क्वांटम रसायनशास्त्रज्ञ लोव्दिन यांनी १९६३ मध्ये मांडलं होतं की हायड्रोजन बंधातले प्रोटॉन टनेलिंगने (ऊर्जेच्या अडथळ्यावरून न जाता त्यातून आरपार) पलीकडे गेले, तर बेसची दुर्मिळ टॉटोमर रूपं (प्रोटॉनची जागा बदललेली) तयार होतात, आणि ती डीएनएची नक्कल होईपर्यंत टिकली तर उत्परिवर्तन होऊ शकतं. तेव्हापासून हा प्रश्न सुटलेला नाही, म्हणूनच तो मला सोडवत नाही.

ग्वानिनच्या एन१ वरचा प्रोटॉन सायटोसिनच्या एन३ वर जातो, सायटोसिनच्या एन४ वरचा ग्वानिनच्या ओ६ वर. शर्करेच्या जागी मिथाइल गट लावलेत, फंक्शनल (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायचं अंदाजी सूत्र) बी३एलवायपी. संक्रमण अवस्था, म्हणजे अडथळ्याचा माथा, मिळाली, काल्पनिक वारंवारता (माथ्यावरून खाली उतरणाऱ्या दिशेची खूण) एकच, सुमारे १२०० प्रति सेंमी.

अडलंय ते पुढे. २९८ केल्व्हिनला विग्नर दुरुस्तीने (टनेलिंग धरायचं सोपं सूत्र) वेग जेमतेम २.४ पट होतो. पण ते सूत्र टनेलिंग किरकोळ असेल तिथलं, हलक्या प्रोटॉनला लावणं मला पटत नाही. सरे विद्यापीठातल्या गटाने २०२२ मध्ये भोवतालची उष्णता धरून हिशेब केला, तेव्हा टनेलिंगचा वाटा अडथळ्यावरून जाणाऱ्या वेगाच्या कितीतरी पट निघाला.

एकार्ट अडथळा (टनेलिंगच्या हिशेबासाठी धरलेला ठरावीक आकाराचा अडथळा) पुरेल, की इन्स्टँटनच (टनेलिंगचा सर्वात संभाव्य मार्ग शोधणारी पद्धत) करावं? शिवाय बी३एलवायपी अडथळे कमी दाखवतं, मग ऊर्जा कशाने तपासू? आणि डीएनएतल्या वरखालच्या जोड्या क्वांटम भागात (ज्याचा पूर्ण क्वांटम हिशेब होतो त्यात) घ्याव्यात का? विभागातलं मशीन छोटं आहे. कुणी हे केलं असेल तर इनपुट फाइलसकट सांगा, प्लीज.