मदत हवी आहे: सेवेचे फोटो टाकायचे की नाही?

सर्वांना सलाम. चर्चच्या मंडळीतले आम्ही सहाजण दर रविवारी उपासनेनंतर सरकारी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना जेवण नेतो, साधारण ४० डबे, खिचडी नाहीतर पोळीभाजी. घोळ फोटोंचा आहे. महिनाभर ग्रुपवर फोटो टाकणं बंद केलं तर वर्गणी देणारे विचारायला लागले पैसे कुठे गेले, आणि खरं सांगू का, मलाच चुकल्यासारखं झालं. मागच्या रविवारी आभार मानताना माझं नाव राहिलं तर त्या दुपारी डबे जरा जोरातच आपटत होते मी!

बायबलात मत्तय ६:३ मधे दान करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात पण ५:१६ मधे लोकांनी सत्कर्मं पाहावीत असंही आहे, शिवाय २ करिंथ ८ मधे (करिंथच्या मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र) प्रेषित पौल दानाच्या पैशाबाबत माणसांसमोरही चोख राहायला बघतो. पाळकसाहेबांशी बोलले, ते म्हणाले प्रार्थना कर, ती चालूच आहे. सेवा सोडायची नाहीये आणि पेशंटचे चेहरे दाखवायचे नाहीत हे नक्की (किराण्याची बिलं टाकून बघितली, कोणी वाचत नाही).

तर तुमच्या मंडळीत फोटोशिवाय हिशोब कसा देता? आणि नाव नाही घेतलं तरी मन खट्टू होऊ नये म्हणून तुम्ही स्वतः नेमकं काय करता?