मदत हवी आहे : अपघातानंतर चासीचे टोक सरळ केलेल्या फोर-बाय-फोरवर विंच बसवावा का, आणि बाकीच्या सुधारणा कोणत्या क्रमाने कराव्यात?

नमस्कार मंडळी,

माझी डिझेल फोर-बाय-फोर गाडी बॉडी शॉपमधून नुकतीच परत आली आहे. समोरून आलेल्या वाहनाची धडक डाव्या कोपऱ्यावर बसली होती. बंपर, डावे फेंडर, बोनेट, हेडलॅम्प आणि रेडिएटर धरणारी चौकट असे भाग बदलले गेले. हा धागा काढण्याचे खरे कारण मात्र यांपैकी कोणताही भाग नाही. चासीचे पुढचे डावे टोक, म्हणजे बंपरचा ब्रॅकेट ज्याला बोल्टने बसतो तो भाग, धडकेने आत आणि किंचित वर वळला होता. तो बदलला नाही, ओढून सरळ केला आहे. मला याच टोकावर विंचचा (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या मोटरच्या यंत्राचा) बंपर बसवायचा आहे आणि त्याबाबत मन स्वस्थ नाही.

गाडीची रचना सांगतो, म्हणजे उत्तर देणे सोपे जाईल. चासी शिडीच्या आकाराची आहे, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे आहेत. भारासह अनुज्ञेय एकूण वजन २,८०० किलो आहे. सध्याचे टायर २४५/७० आर १६ मापाचे आहेत. वापर चिखल, नाले आणि दगडधोंड्यांच्या वाटांवर होतो आणि सोबत बहुधा दुसरी गाडी नसते, त्यामुळे विंच ही माझ्यासाठी हौसेची वस्तू नाही.

विंचची क्षमता गाडीच्या एकूण वजनाच्या दीडपट असावी, हा सर्वमान्य नियम आहे. त्या हिशेबाने मला ४,२०० किलोंची ओढ हवी, म्हणजे बाजारात मिळणारा ९,५०० पौंडांचा, सुमारे ४,३०० किलोंचा विंच पुरेसा आहे. ही क्षमता ड्रमवर दोराचा फक्त पहिला थर असताना मिळते आणि प्रत्येक वरच्या थराबरोबर ओढ कमी होते, हे मला माहीत आहे. मूळ बंपर चासीच्या टोकांवर स्वतःच्या वजनापलीकडे फारसा भार टाकत नाही. विंच बसवला की सगळी ओढ त्याच दोन टोकांतून चासीत शिरते. त्यातही ओढ तिरकी असेल तर दोन्ही टोकांवर भार समान वाटला जात नाही, आणि अडकलेली गाडी सरळ रेषेत ओढता येण्याचे भाग्य क्वचितच लाभते. कप्पी लावून दोराचे दुसरे टोक गाडीलाच अडकवले, तर गाडीवर येणारी एकूण ओढ विंचच्या ओढीच्या जवळपास दुप्पट होते.

बॉडी शॉपने मोजमापाचा कागद दिला आहे. त्यानुसार चासीच्या कर्णांतील फरक उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत आहे, म्हणजे आकार जागेवर आला आहे. पण आकार परत येणे आणि ताकद परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी उचलून मी ते टोक जवळून पाहिले. बाहेरून ताजा काळा रंग आहे आणि सगळे नीट दिसते. आतल्या बाजूने बोट फिरवले की अंगठ्याएवढ्या लांबीची एक उथळ लहर जाणवते. चासीच्या पेटीला असलेल्या भोकातून विजेरीने आत पाहिले असता, कारखान्यात फवारलेले मेणासारखे आवरण त्या लहरीच्या आसपास तपकिरी पडून खपल्या धरलेले दिसले. थोडे मागे तेच आवरण पिवळसर आणि चिकट आहे. माझ्या समजुतीप्रमाणे हे उष्णता दिल्याचे लक्षण आहे, परंतु बॉडी शॉपचे म्हणणे असे की पत्रा थंडच ओढला. उच्च ताकदीच्या पोलादाला त्याची ताकद कारखान्यातल्या नियंत्रित प्रक्रियेतून मिळालेली असते आणि ते पुन्हा तापवले तर ती कमी होऊ शकते, म्हणून अनेक उत्पादक अशा भागांना उष्णता देण्यास मनाई करतात किंवा कडक मर्यादा घालतात. शिवाय अनेक गाड्यांत चासीच्या पुढच्या टोकाला धडकेत ठरावीक पद्धतीने दुमडण्यासाठी मुद्दाम खाचा दिलेल्या असतात. एकदा दुमडून सरळ केलेला असा भाग पुढच्या धडकेत तसाच वागेल याची खात्री नसते आणि एअरबॅग उघडण्याची वेळही त्याच वागणुकीवर अवलंबून असते.

अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन मोजल्याच्या, कागदावर आणखी एक गोष्ट दिसते. टो (चाके वरून पाहता आत-बाहेर वळलेली असणे) आणि कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेतून आत-बाहेर कल) ठीक आहेत, पण डाव्या बाजूचा कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे कल) उजव्यापेक्षा ०.६ अंशाने कमी आहे आणि गाडी सपाट रस्त्यावर हलकेच डावीकडे ओढते. कमी कॅस्टरच्या बाजूला गाडी ओढते हे नियमाला धरूनच आहे. प्रश्न असा की हा फरक केवळ समायोजनाने काढून टाकावा, की डाव्या बाजूचा एखादा आर्म किंवा त्याचा चासीवरचा ब्रॅकेट वाकलेला असण्याची ती खूण मानावी? मला ४० मि.मी. उंचीची लिफ्ट किट बसवायची आहे. इंडिपेंडंट सस्पेन्शन उचलले की कॅस्टर बहुधा आणखी कमी होतो आणि अलाइनमेंटला मिळणारी मोकळीक संपत जाते, त्यामुळे आधीचा दोष तसाच ठेवून लिफ्ट करणे मला पटत नाही.

टायरबाबत माझा विचार बराचसा ठरला आहे. २६५/७० आर १६ घेतला तर व्यास ७४९ वरून ७७७ मि.मी. होतो, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलखाली १४ मि.मी. जागा वाढते आणि चाकाच्या वेगावर चालणारा स्पीडोमीटर सुमारे ३.७ टक्के कमी वेग दाखवू लागतो. २६५/७५ आर १६ घेतला तर व्यास ८०४ मि.मी. होतो, अ‍ॅक्सलखालची वाढ २७ मि.मी. मिळते, पण वेगातील फरक ७ टक्क्यांच्या वर जातो, गिअरिंग जड होते आणि पूर्ण वळणावर टायर चासीला किंवा मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता वाढते. मी पहिल्या मापाकडे झुकलो आहे. ज्यांनी दुसरे माप ४० मि.मी. लिफ्टवर वापरले आहे, त्यांनी घासण्याबद्दलचा अनुभव अवश्य लिहावा.

रंग ताजा असल्याने मेण, संरक्षक फिल्म वगैरे काहीही एवढ्यात लावणार नाही. दारांवर पाण्याचा फवारा मारून गळती तपासली, ती नाही. हेडलॅम्पची उंची लिफ्ट झाल्यावर पुन्हा जुळवावीच लागेल. यादीत याशिवाय चासीला बसणारे साइड स्लायडर (दारांखालचा भाग दगडांपासून वाचवणारे दांडे), मागचा डिफरन्शियल लॉकर (मागची दोन्ही चाके एकत्र फिरायला लावणारी यंत्रणा) आणि अ‍ॅक्सलच्या ब्रीदर नळ्या (आतली हवा ये-जा करू देणाऱ्या) उंचावर नेणे एवढ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी ब्रीदरचे काम मी सर्वांत आधी करणार आहे. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल किंवा सील थकलेले असतील तर पाणी आत ओढले जाते. त्यानंतर तेल दुधाळ होते आणि बेअरिंगांचे नुकसान सुरू होते. इतक्या थोड्या श्रमात इतके मोठे नुकसान टाळणारी दुसरी सुधारणा मला तरी माहीत नाही.

तर जाणकारांना माझी विनंती आहे की सरळ केलेल्या चासीच्या टोकावर विंच बसवणे कितपत सुरक्षित आहे, ते टोक विश्वासार्हपणे कसे तपासावे, आणि ते बदलायचे ठरले तर बाकीची कामे कोणत्या क्रमाने करावीत, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद

नमस्कार. आपण दिलेल्या तपशिलावरून माझे मत स्पष्ट आहे : आज त्या टोकावर विंच बसवू नये. आवरण तपकिरी होऊन खपल्या धरणे आणि आतून लहर जाणवणे या दोन्ही गोष्टी एकाच जागी आहेत, हे मला दुर्लक्ष करण्याजोगे वाटत नाही.

तपासणीसाठी प्रथम त्या भागावरचा नवा रंग रासायनिक रिमूव्हरने काढून घ्या. ग्राइंडर चालवू नका, कारण त्याने घासलेल्या पृष्ठभागावर बारीक तडा पुसला जाऊन लपतो. मग डाय पेनेट्रंट चाचणी करा. रंगीत द्रव लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा, की तडा असल्यास त्याची रेघ रंगाने उमटते. बोल्टची भोकेही पाहा. ब्रॅकेट हाताने सहज बसायला हवा. पहारीने रेटावा लागत असेल किंवा भोक लंबगोल झाले असेल, तर मोजमापाच्या कागदापेक्षा त्या भोकावर अधिक विश्वास ठेवा. एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. ही चाचणी पृष्ठभागापर्यंत आलेला तडा दाखवते, तापल्याने पोलाद मऊ झाले आहे का ते दाखवत नाही. त्यासाठी कठीणपणा मोजणारे छोटे उपकरण मिळते. त्याने उजवे टोक आणि डावे टोक यांची एकाच जागी तुलना करून घ्यावी.

कॅस्टरबाबत आपली शंका रास्त आहे. समायोजन करण्याआधी दोन्ही बाजूंच्या लोअर आर्मच्या बोल्टपासून चासीवरच्या एखाद्या समान भोकापर्यंतचे अंतर मोजा. तिथे फरक निघाला तर ब्रॅकेट सरकला आहे. तिथे सारखे निघाले तर आर्म काढून नव्याशी ताडून पाहा.

आणखी एक गोष्ट आपल्या यादीत आलेली नाही, ती म्हणजे वजन. पोलादी बंपर आणि विंच मिळून ८५ किलो धरा आणि ते पुढच्या अ‍ॅक्सलच्या ८० सें.मी. पुढे आहे असे माना. अ‍ॅक्सलांमधले अंतर २.७ मीटर असेल तर तरफेच्या नियमाने पुढच्या अ‍ॅक्सलवर ११० किलो वाढतात आणि मागच्यावरचे २५ कमी होतात. म्हणून स्प्रिंग आधी घेऊन बंपर नंतर बसवला, तर पुढचा भाग पुन्हा खाली बसतो आणि स्प्रिंग दुसऱ्यांदा घ्याव्या लागतात. सिंथेटिक दोर घेतल्यास पोलादी दोराच्या तुलनेत बरेच वजन वाचते आणि दोर तुटला तरी त्याचा फटका कमी धोकादायक असतो, मात्र दगडावर घासण्यापासून त्याला कव्हर घालून जपावे लागते.

विंच येईपर्यंत गाडी मागून काढण्याची सोय करा. मागे चासीला योग्य बोल्टने बसणारे रिकव्हरी पॉइंट लावा. ट्रेलर ओढण्याच्या गोळ्याला पट्टा कधीही अडकवू नका, तो गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो. आपल्या गाडीचा पुढचा डावा हूक त्याच शंकास्पद टोकावर असेल, तर ताणणाऱ्या पट्ट्याने दिलेला झटकाही तिथेच बसेल, हे विसरू नका.

धागाकर्त्याचे उत्तर

आपण वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. डावा हूक त्याच टोकावर आहे. तो आजच काढून ठेवतो, म्हणजे घाईच्या प्रसंगी दुसरे कोणी त्याला पट्टा अडकवणार नाही. उजवीकडे हूक असला तरी एकाच टोकावर सगळा झटका घेणे मला योग्य वाटत नाही, त्यामुळे मागून काढण्याचीच तयारी ठेवतो.

क्रम आता असा धरतो. आधी ब्रीदर आणि मागचे रिकव्हरी पॉइंट, त्याच सुमारास डाय पेनेट्रंट आणि कठीणपणाची तुलना, त्यानंतर आर्मची मोजमापे आणि अलाइनमेंट. २६५/७० टायर यांत कोठेही बसू शकतात. चांगले टायर आणि हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवण्याची सवय असली की विंचची गरजच कमी वेळा पडते, तेव्हा ते थांबवण्यात अर्थ नाही. कंप्रेसर माझ्याकडे आहे. स्प्रिंग आणि लिफ्ट मात्र बंपरचे नेमके वजन कळेपर्यंत घेणार नाही. लॉकर सर्वांत शेवटी.

दुसऱ्या तज्ज्ञाकडे चौकशी करताना समजले की टोक बदलायचे झाल्यास उत्पादकाच्या दुरुस्ती पुस्तिकेत कापण्याची जागा ठरवून दिलेली असते आणि काही चासींना जोडाच्या आत बाही घालून वेल्डिंग करावे लागते. माझ्या गाडीत स्टिअरिंग रॅकचा माउंट त्या टोकापासून फार मागे नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याच्या जवळचा पत्रा खेचला जाऊन रॅकची जागा काही मि.मी. जरी हलली, तरी चाक खालीवर होताना टो बदलत राहील आणि गाडी खड्ड्यांत स्वतःहून वळू पाहील. ज्यांनी चासीचे पुढचे टोक बदलून घेतले आहे, त्यांनी वेल्डिंगच्या वेळी रॅकच्या माउंटला जिगने (भाग जागेवर पक्का धरणाऱ्या साच्याने) धरून ठेवले होते का, आणि नंतर आतल्या पोकळीत मेण फवारण्यासाठी जागा कशी ठेवली, हे कृपया लिहावे.