मेडिकलचं गणित फसलं: पुन्हा प्रयत्न करू की नर्सिंगला जाऊ?

अधांतरी

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे. कंटाळा येईल त्यांनी सरळ शेवटचा परिच्छेद वाचावा.

मेडिकलला जायचं हे शाळेपासूनच डोक्यात. त्यासाठीच जीवशास्त्राची पदवी घेतेय. गेल्या वर्षी बायोकेमिस्ट्री राहिली, फिजिऑलॉजी काठावर निघाली आणि एकूण गुण असे घसरले की मेडिकलच्या कुठल्याही अर्जात ते डोळ्यांवर येतील. मार्गदर्शक बाईंनी गुणपत्रक बघितलं आणि म्हणाल्या, "मेडिकलचं विसर, नर्सिंग बघ." संपलं संभाषण.

सुट्टीत मी एका रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जात होते. पाणी नेऊन देणं, व्हीलचेअर ढकलणं, चादर बदलताना दुसरं टोक धरणं. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते तिथे. पहिल्यांदा खाटेच्या कडेला पाय सोडून बसले तेव्हा तेवढ्यानेच घामाघूम झाले. मग वॉकर धरून दारापर्यंत, मग कॉरिडॉरच्या टोकापर्यंत. डॉक्टर राउंडला येत, एक्स-रे बघत, दोन प्रश्न विचारून पुढे जात. सिस्टरना मात्र सगळं ठाऊक असायचं: सकाळी किती खाल्लं, कुठल्या कुशीवर झोपले, टाच लाल झालीय का, बायको आली नाही की चालायला नकार देतात. मला तिथून हलावंसं वाटायचं नाही.

त्याच वॉर्डात एका पेशंटचं रक्तातलं पोटॅशियम ६.८ आलं, म्हणजे धोक्याइतकं वाढलेलं, आणि एकदम धावपळ. ईसीजी, कॅल्शियमचं इंजेक्शन, मग इन्शुलिन आणि ग्लुकोज. कॅल्शियमने पोटॅशियम उतरत नाही म्हणे. मग देतात कशाला? घरी येऊन रात्री उशिरापर्यंत तेच वाचत बसले. (परीक्षेच्या आधी हीच पानं पुढे सरकत नव्हती!)

तर प्रश्न असा. राहिलेला विषय काढून, वर्ष घालवून मेडिकलला पुन्हा भिडू, की आत्ताच नर्सिंगला जाऊ? आणि नर्सिंग करून पुढे मेडिकलला जाता येतं का?

बघ्या

दोन्हीकडे अर्ज टाक, मिळेल तिथे जा. एवढा विचार कशाला?

रात्रपाळी

बघ्या, नोकरी तुला करायची नाहीये म्हणून सोपं वाटतंय.

अधांतरी, मी आयसीयूत नर्स आहे. तुमच्या बाईंनी गुणपत्रक बघून जे सांगितलं त्याचा मला राग येतो, आणि तो तुमच्यावर नाही. गुण कमी म्हणून आमच्याकडे पाठवलेली मुलं येतात, वर्षभर तोंड पाडून फिरतात आणि पेशंटला ते बरोबर कळतं.

कामाचं स्वरूप सांगतो, मग तुम्ही ठरवा. पोटाचं ऑपरेशन झालेल्या एक बाई. बीपी ठीक, ताप नाही, मॉनिटर गप्प. पण संध्याकाळी श्वास मिनिटाला १६ होता तो रात्री २४ झाला, आणि त्या उगाच चादर चाळवत होत्या. मी घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजला. (श्वास मोजायचा आळस सगळीकडे आहे, अंदाजाने १८ लिहून मोकळे होतात.) ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली धोक्याची जी गुणपद्धत आणली, तिच्यात २१ ते २४ श्वासांना २ गुण आणि २५ झाले की थेट ३. म्हणजे आम्ही उंबरठ्यावर होतो. रेसिडेंट डॉक्टरला फोन लावला: पेशंट कोण, ऑपरेशन कुठलं, बदललं काय, मला संशय कशाचा, आणि आत्ता येऊन बघा. ती आली. रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढतं ते) वाढलेलं निघालं, आत संसर्ग सुरू झाला होता. अँटिबायोटिक कुठलं, सीटी करायचा का, पोट पुन्हा उघडायचं का, हे ठरवणं तिचं आणि सर्जनचं काम. बदल हेरणं आणि कुणीतरी ऐकेपर्यंत तो लावून धरणं हे माझं.

याला 'मदतनीस' म्हणणाऱ्यांनी नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ सालचा अभ्यास वाचावा. ऑपरेशनच्या पेशंटांमध्ये, एका नर्सवर एक पेशंट वाढला की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली.

आता कडू बाजू. कंबर जाते. रात्रपाळ्यांनी झोपेचं वाटोळं होतं. लिहिलेली ऑर्डर पटली नाही तर गप्प बसून चालत नाही, आणि विचारलं की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. निर्णय आपल्या हातात नसला की ज्यांचा जीव तडफडतो, त्यांनी इथे येऊ नये. ते कायम चिडलेले राहतात.

तुमच्या प्रश्नात आजोबांचा परिच्छेद सगळ्यात मोठा आहे, एवढं फक्त नोंदवतो.

ऑन_कॉल

रात्रपाळी, अशा फोनवर मी रेसिडेन्सी काढलीय. धन्यवाद म्हणायचं तेव्हा राहून गेलं, आता घ्या.

पण तुम्ही आजोबा उचललेत, मी पोटॅशियम उचलते. अधांतरी, आधी तुझं उत्तर. पोटॅशियम वाढलं की हृदयाच्या पेशींची विद्युत घडी बिघडते. कॅल्शियम ती थोडा वेळ सावरून धरतं, साधारण अर्धा ते एक तास. तेवढ्या वेळात इन्शुलिन पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतं, आणि साखर घसरू नये म्हणून सोबत ग्लुकोज. यातल्या कशानेही पोटॅशियम शरीराबाहेर पडत नाही. ते मूत्रपिंडांनी टाकायचं, नाहीतर डायलिसिसने काढायचं.

हे वाचताना तुला लगेच "पण मुळात वाढलं कशाने?" असं वाटलं का? कुठलं औषध चालू होतं, मूत्रपिंड कधीपासून थकलीयत, की नमुना घेतानाच रक्तपेशी फुटून आकडा खोटा आलाय? हा प्रश्न छळत असेल तर मेडिकल सोडू नकोस. दिवसभर हेच असतं असं मात्र समजू नकोस. निम्मा वेळ डिस्चार्ज समरी, फोन, रिपोर्टांचा पाठलाग. आणि अर्धवट माहितीवर निर्णय घेऊन घरी जाऊन झोपायचं असतं. ते मला अजून नीट जमत नाही.

नर्सिंगनंतर मेडिकलला जाता येतं, पण साधारणपणे सुरुवात पहिल्या वर्षापासूनच होते, आधीची वर्षं वजा होत नाहीत. मेडिकलची पदवी बऱ्याच ठिकाणी ४ ते ६ वर्षांची, पुढे स्पेशालिटीची आणखी वर्षं. तेव्हा नर्सिंगला मधला जिना समजून जाऊ नकोस. नर्सिंगमध्येच वर जायला वाट आहे. अमेरिकेत १९६५ साली लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी कोलोरॅडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनरचं पहिलं प्रशिक्षण सुरू केलं. आज काही देशांत असे नर्स पेशंट तपासतात, औषधंही लिहून देतात. तुझ्याकडचे नियम काय आहेत ते बघ.

फळ्यासमोर

मी नर्सिंगच्या मुलांना फार्माकॉलॉजी शिकवतो. वरचे दोघे अनुभवी, त्यांच्यात पडत नाही. पण बायोकेमिस्ट्री जमली नाही म्हणून नर्सिंग, हा हिशेब चूक आहे हे सांगायलाच हवं. पोटॅशियम आमच्याकडेही आहे. शिवाय गणित आहे. १००० मिली सलाइन ८ तासांत द्यायचंय, सेटमधून २० थेंबांना १ मिली जातं, तर मिनिटाला किती थेंब? १००० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे ४२ च्या आसपास. कागदावर सोपं आहे. पहाटे, शेजारच्या खाटेवर कुणी ओकत असताना, दशांश चिन्ह एक घर सरकलं तर डोस दहापट होतो.

म्हणून आधी विषय का राहिला ते शोधा. उत्तरपत्रिका बघायला मिळत असेल तर बघा. संकल्पनाच कळली नव्हती, की कळूनही परीक्षेत आठवली नाही? दोन्हींचे उपाय वेगळे. दुसरं असेल तर बहुधा तुम्ही धडे पुन्हा पुन्हा वाचत होतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं, की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणारे पुढे जातात. पोटॅशियमचं त्या रात्री वाचलेलं आज न बघता लिहून काढा. किती उतरतंय बघा.

आणि घरात, तब्येतीत, पैशात काही बिनसलं होतं म्हणून विषय गेला असेल, तर ते आता मिटलंय का? नसेल तर कुठलाही कोर्स घ्या, हेच पुन्हा होईल.

अधांतरी

रात्रपाळी ताई, ऑन_कॉल, सर, सगळ्यांचे आभार. लिहून काढलं. कॅल्शियमचं सगळं आलं, एटीपीवर (पेशीच्या इंधनावर) चालणाऱ्या, पोटॅशियम पेशीत ओढणाऱ्या पंपापाशी अडले. म्हणजे सरांचा दुसरा अंदाज बरोबर, थोडा पहिलाही.

सध्या एवढंच ठरवलंय की बायोकेमिस्ट्री आधी काढायची, ती दोन्हीकडे लागणारच. तोवर अर्ज कुठेच नाही. बाईंनी सांगितलं म्हणून नर्सिंग नाही आणि शाळेपासून ठरलंय म्हणून मेडिकलही नाही. मी वॉर्डात फक्त दुपारीच जायचे, रात्र बघितलेलीच नाही. एक अख्खी रात्र नर्ससोबत आणि एक दिवस डॉक्टरसोबत राहता येईल का, हे रुग्णालयात विचारणार आहे. परवानगी मिळाली तर किती वाजता जावं?

रात्रपाळी

दादा म्हणा, मी ब्रदर आहे. :)

हँडओव्हरच्या आधी पोहोचा, नंतर नको. आधीच्या पाळीने काय सांगितलं ते ऐकलं नसेल तर पुढे रात्रभर काय चाललंय ते कळत नाही. बूट जुने घाला. आणि मधेच झोप आली तर सरळ सांगा, उगाच उभ्या राहू नका.